पाणी मारायचे दिवस

स्लॅब भरायच्या दिवशी बांधकामावर जत्रा असते. पहाटेपासून मिक्सर घरघरतो, घमेली हातोहात वर चढतात, मालक नारळ फोडतो, काम उरकलं की सगळ्यांना जेवण. गवंडी वरचा थर फळीने सारखा करतो, माणसं खाली उतरतात आणि नातेवाइकांना मोबाइलवर फोटो जातात : स्लॅब झाला. दुसऱ्या दिवशी तिथे चिटपाखरू नसतं. गडबड संपली म्हणजे काम संपलं असं आपल्याला वाटतं. काँक्रीटच्या हिशेबात ते तेव्हा कुठे सुरू झालेलं असतं. आदल्या दिवशी नुसता माल ओतला गेला. त्याचा दगड व्हायला आठवडे लागतात, आणि त्या आठवड्यांत माणसाने करण्यासारखं फारसं काही नसतं. माल ओला ठेवायचा आणि त्याच्यावर भार टाकायचा नाही, एवढंच. नेमकं हेच आपल्याला जमत नाही. त्या न जमण्याचं बिल कुणाच्या नावावर फाटतं, ते या प्रकरणात पाहू.

आधी एक समजूत दूर करायला हवी. काँक्रीट वाळून घट्ट होतं असं बहुतेकांना वाटतं. मातीची भिंत वाळून घट्ट होते, सिमेंट नाही. सिमेंटमधली संयुगं पाण्याशी संयोग पावतात आणि त्यातून नवाच पदार्थ तयार होतो, कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट नावाचा. वाळू आणि खडीच्या कणांमधल्या पोकळ्या हा पदार्थ हळूहळू भरत जातो. म्हणूनच काँक्रीट पाण्याखालीही घट्ट होतं, आणि उन्हात लवकर वाळलं तर मात्र कच्चं राहतं. काँक्रीटमधल्या पोकळ्यांतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली गेली की ही क्रिया जवळजवळ थांबते. मग पोत्यातलं महागडं सिमेंट नुसती भुकटी म्हणून आत पडून राहतं.

या क्रियेला स्वतःची चाल आहे. सिमेंटमध्ये मुख्यतः दोन सिलिकेट असतात. ट्रायकॅल्शियम सिलिकेट हे उतावळं. पहिल्या काही दिवसांतली बरीचशी ताकद त्याची. डायकॅल्शियम सिलिकेट हे संथ. त्याचं काम महिनोन्‌महिने चालू राहतं. साधं पोर्टलंड सिमेंट वापरलं असेल आणि काँक्रीट नीट ओलं ठेवलं असेल, तर तिसऱ्या दिवशी अठ्ठावीस दिवसांच्या ताकदीच्या साधारण ४० टक्के आणि सातव्या दिवशी सुमारे ६५ टक्के ताकद आलेली असते. जगभर अठ्ठाविसावा दिवस हा परीक्षेचा दिवस मानला जातो. एम-२५ काँक्रीट म्हणजे १५० मिलिमीटरच्या घन ठोकळ्याने अठ्ठाविसाव्या दिवशी दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटनचा दाब सोसायला हवा.

पाणी किती दिवस मारायचं हे आपल्या आयएस ४५६ या मानकात स्पष्ट लिहिलं आहे. साध्या पोर्टलंड सिमेंटला निदान सात दिवस, हवा कोरडी आणि उष्ण असेल तर दहा. फ्लाय ॲश म्हणजे वीजकेंद्रातली राख; तिच्यासारखं मिश्रण असलेल्या सिमेंटला निदान दहा, आणि शिफारस चौदा दिवसांची. बाजारात आज मिळणारं पीपीसी हे असंच मिश्र सिमेंट. म्हणजे एप्रिल-मे महिन्यात नागपूरला किंवा जालन्याला पीपीसीचा स्लॅब टाकणाऱ्याने दोन आठवडे तो ओला ठेवायला हवा. प्रत्यक्षात काय होतं ते आपण पाहतोच. स्लॅबवर मालाची बोटभर उंच आळी घालून त्यात पाणी साठवतात, ते ठीक. आळ्यातलं पाणी दिसत असतं, आटलं की कळतं. पण कॉलम उभे असतात. त्यांना गुंडाळलेलं गोणपाट सकाळी एकदा भिजवतात, ते दुपारी बारापर्यंत कडकडीत होतं आणि संध्याकाळपर्यंत तसंच राहतं. तीन-चार दिवसांनी तेही निघतं, कारण पुढच्या कॉलमला लागतं.

आता यातली खरी मेख. जाड कॉलमच्या गाभ्यातलं पाणी सहजासहजी बाहेर पडत नाही, त्यामुळे गाभा बऱ्यापैकी पिकतो. मार बसतो तो कातडीला, बाहेरच्या दोन-चार सेंटिमीटरना. तिथलं पाणी ऊन आणि वारा पहिल्या दोन दिवसांतच ओढून घेतात. हीच कातडी म्हणजे सळईवरचं ‘कव्हर’ : स्लॅबला किमान २०, कॉलमला ४० मिलिमीटर. त्याचं काम भार पेलण्याचं कमी आणि सळई जपण्याचं जास्त. काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं, तोवर आतली सळई गंजत नाही. तिच्यावर ऑक्साइडचा एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या छिद्रांतून आत शिरत जातो आणि ही अल्कता मारत जातो. कातडी घट्ट असेल तर सळईपर्यंत पोचायला त्याला अनेक दशकं लागतात. ती सच्छिद्र राहिली असेल तर दहा-पंधरा वर्षंही पुरतात. समुद्रकाठी त्यात खारट हवेची भर. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो आणि ती मिळवण्यासाठी बाहेरचं काँक्रीट फोडतो. मुंबईत, ठाण्यात, पणजीत जुन्या इमारतींच्या सज्ज्याखाली उघड्या पडलेल्या तांबूस सळया दिसतात, तिथे बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. त्यामागे गिलाव्याखाली झाकलेला पहिला आठवडा असू शकतो, हे पाहणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

आणि कागदावर? कागदावर सगळं उत्तम असतं. काँक्रीट ओततानाच त्यातलं थोडं साच्यांत भरून ठोकळे काढतात. चोवीस तासांनी ते साच्यातून काढून पाण्याच्या टाकीत सोडतात. टाकीचं तापमान २७ अंशांच्या आसपास, बुडून राहायला पाणी भरपूर, आणि मुक्काम परीक्षेच्या दिवसापर्यंत. अठ्ठाविसाव्या दिवशी ठोकळा यंत्रात फोडतात, आकडा येतो, अहवालावर शिक्का बसतो. टाकीत ठेवण्यामागे कारण आहे : आलेला माल चांगला होता की नाही, एवढंच त्या चाचणीला तपासायचं असतं. पण आपण तो अहवाल इमारतीचं प्रमाणपत्र म्हणून वाचतो. ठोकळ्याला अठ्ठावीस दिवस पाणी मिळालं, त्याच मिक्सरमधून आलेल्या कॉलमला चार दिवस. ठोकळा पास होतो. कॉलमच्या कातडीला कुणी काही विचारत नाही. घाईने झालेलं नुकसान नेमकं तिथे जाऊन बसतं, जिथे मापायची पट्टी पोचत नाही.

घाईची सुरुवात खरं तर त्याआधीच, मिक्सरपाशी होते. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला रासायनिक क्रियेत बांधून घ्यायला बारा लिटरच्या आसपास पाणी पुरतं. माल घमेल्यातून ओतता यावा, सळयांच्या जाळीतून खाली उतरावा, म्हणून त्याच्या दुपटीपर्यंत घालावं लागतं. पंचवीस लिटरला माल घट्टसर राहतो, पसरायला हात दुखतात, व्हायब्रेटर मन लावून फिरवावा लागतो. मग कुणीतरी बादली उपडी करतो आणि माल झरझर पसरतो. पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ताकद अवलंबून असते हे डफ एब्रम्स यांनी शिकागोमध्ये १९१८ साली दाखवून दिलं. हे प्रमाण ०.५ वरून ०.७ वर नेलं तर ताकदीचा तिसरा हिस्सा तरी जातो. पोत्यामागे दहा लिटर, म्हणजे जेमतेम एक बादली! नको असलेलं ते पाणी पुढे उडून जातं आणि मागे पोकळ्या ठेवून जातं. उन्हाळ्यात वाऱ्याच्या दिवशी तासा-दोन तासांत ओल्या पृष्ठभागावर केसासारख्या भेगा उमटतात; तेव्हा त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरून फळी मारायची पद्धत आहे. भेग दिसेनाशी होते, बुजत मात्र नाही.

हे झालं वर्षानुवर्षं मुरणारं नुकसान. घाई लगेचही वसूल होते. स्लॅबखालचे टेकू कधी काढायचे याचंही वेळापत्रक आयएस ४५६ मध्ये आहे : साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा, सहा मीटरहून लांब बीमला एकवीस. हे साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी, आणि हवा १५ अंशांच्या खाली गेली नसेल तर. थंडीत सिमेंट आळसावतं, म्हणून तापमानाची अट. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या बेलीज क्रॉसरोड्स इथे २ मार्च १९७३ रोजी स्कायलाइन प्लाझा या संकुलातली एक बहुमजली इमारत काम चालू असतानाच वरपासून तळापर्यंत कोसळली. चोविसाव्या मजल्याचा माल ओतणं चालू होतं आणि तेविसाव्या मजल्याच्या खालचे टेकू आधीच काढले होते. चौदा कामगार गेले.

पाच वर्षांनी त्याच देशात आणखी मोठी दुर्घटना झाली, आणि ती जास्त बारकाईने पाहण्यासारखी आहे. वेस्ट व्हर्जिनियात विलो आयलंड इथे वीजकेंद्राचा शीतक मनोरा उभा राहत होता. मनोऱ्याचं कवच दर दिवशी एक कडं अशा गतीने वर चाललं होतं. एकेक कडं सुमारे दीड मीटर उंच. कामगारांची परांची खालून जमिनीवरून उभारलेली नव्हती. ती कवचालाच जखडलेली होती आणि कवचाबरोबर वर चढत होती. माल वर ओढणारी यंत्रणाही त्याच कवचावर टेकलेली. म्हणजे आज जे काम चालू आहे त्याचा सगळा भार काल ओतलेल्या काँक्रीटवर. वाचणाऱ्याला हे वेडेपणाचं वाटेल, पण ही पद्धत मान्य होती आणि काल ओतलेलं काँक्रीट पुरेसं पक्कं झालं असेल तर चालतही होती. २७ एप्रिल १९७८ च्या सकाळी एकोणतिसाव्या कड्याचं काम सुरू झालं. अठ्ठाविसावं आदल्या दिवशी ओतलेलं, आणि मधली रात्र गार गेली होती. सकाळी दहाच्या सुमारास अठ्ठाविसावं कडं तुटलं आणि परांचीसकट सगळा घेर गोल सोलत खाली आला. एक्कावन्न माणसं होती, एकही वाचलं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने तपास करून सर्वांत संभाव्य कारण दिलं : अठ्ठाविसाव्या कड्यात पुरेशी ताकद यायच्या आत त्याच्यावर बांधकामाचा भार आला. म्हणजे मरण आणलं ते काही तासांच्या फरकाने. वेळापत्रकात रोज एक कडं लिहिलेलं होतं. रात्र किती गार जाईल, हे त्यात कुठे लिहिणार?

वेळापत्रक पाळायचं तर दोन वाटा आहेत. एक, सिमेंटला लागणारा वेळ त्याला देणं. दुसरी, सिमेंटच बदलणं. विसाव्या शतकाने दुसरी वाट धरली. सिमेंट अधिकाधिक बारीक दळलं जाऊ लागलं आणि त्यातल्या उतावळ्या सिलिकेटचं प्रमाण वाढवलं गेलं. कण बारीक म्हणजे पाण्याला भिडणारं क्षेत्र जास्त, म्हणजे ताकद लवकर, म्हणजे फळ्या लवकर मोकळ्या. कंत्राटदाराला हवं होतं ते मिळालं. बदल्यात काय गेलं हे कळायला विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या एका चिकाटीच्या प्रयोगाची वाट पाहावी लागली. मॉर्टन विदी नावाच्या प्राध्यापकांनी तिथे १९१० मध्ये काँक्रीटचे नमुने ओतून ठेवले, मग १९२३ मध्ये, मग १९३७ मध्ये. ठरलेल्या वयाला त्यातले काही फोडायचे, बाकीचे ठेवायचे. बेत पन्नास वर्षांचा. पन्नास वर्षांचा निकाल १९७५ मध्ये छापून आला तो जॉर्ज वॉशा आणि कर्ट वेंट यांच्या नावाने. जाड दळलेल्या, संथ सिलिकेट जास्त असलेल्या जुन्या सिमेंटचे उघड्यावर ठेवलेले नमुने पन्नास वर्षं ताकद वाढवतच राहिले होते. १९३७ च्या बारीक, उतावळ्या सिमेंटचे नमुने सुरुवातीला पुढे गेले आणि साधारण दहा वर्षांनी त्यांची वाढ थांबली.

लवकर ताकद येण्याला आणखी एक शेपूट आहे : उष्णता. सिमेंटची क्रिया उष्णता बाहेर टाकते. क्रिया जलद तर उष्णता एकदम, मग काँक्रीट तापतं, थंड होताना आकसतं आणि आकसताना तडकतं. तुळया आणि रेल्वेचे स्लीपर यांसारखं कारखान्यात साच्यात घडवलेलं काँक्रीट लवकर पिकावं म्हणून त्याला वाफ देतात. ती वाफ फार गरम, ७० अंशांच्या वर गेली, तर सुरुवातीला ज्या संयुगाचे स्फटिक व्हायला हवे होते ते होत नाहीत. घट्ट झालेल्या काँक्रीटमध्ये ते काही वर्षांनी, ओल मिळाली की वाढू लागतात आणि आतून रेटा देतात. युरोपात अनेक स्लीपर असे वर्षांनंतर फुगून तडकले. आपल्याकडे घर बांधणारा माणूस दुकानात असंच उतावळं ‘५३ ग्रेड’ सिमेंट मागतो, कारण ५३ हा ४३ पेक्षा मोठा आकडा. गिलाव्यालासुद्धा ५३! मग गिलावा जाळीसारखा तडकला की वाळूला शिव्या.

एवढं वाचून कुणाला वाटेल की हळू बांधा असं सांगायचं आहे. तसं नाही. वेग आणि घाई यांच्यात हूवर धरणाइतका स्पष्ट भेद क्वचितच कुठे दिसेल. अमेरिकेतलं हे प्रचंड धरण १९३३ ते १९३५ अशा दोन वर्षांत ओतलं गेलं आणि ठरलेल्या मुदतीच्या दोन वर्षं आधी पूर्ण झालं. एवढं काँक्रीट एकसंध ओतलं असतं तर थंड व्हायला १२५ वर्षं लागली असती, असा अभियंत्यांचा हिशेब होता. त्यांनी ते सुट्या स्तंभांत ओतलं, त्यात एक इंच व्यासाचे ९०० किलोमीटरहून जास्त लांबीचे नळ पुरले आणि त्यांतून गार पाणी खेळवलं. काँक्रीटचा वेळ कापला नाही, त्याची उष्णता बाहेर काढली. आपल्याकडे घाटघरला देशातलं पहिलं रोलर-कॉम्पॅक्टेड काँक्रीटचं धरण झालं, तिथेही मेख तीच : सिमेंट कमी, फ्लाय ॲश भरपूर, त्यामुळे उष्णता कमी, आणि म्हणून थरावर थर झपाट्याने दाबत जाता आलं. मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींत वापरतात त्या ॲल्युमिनियमच्या साच्यांची रचनाही अशी असते की पत्रे आधी निघतात आणि टेकू जागचे हलत नाहीत. टेकू खरोखर जागेवर ठेवले तर आठवड्याला एक स्लॅब भरण्यात काही चूक नाही. ठेवले तर.

मग कातडीचीच हेळसांड का? उत्तर पैशाच्या वाटेत आहे. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतला की हप्ते स्लॅबवार मागितले जातात. बँकही कर्ज तसंच सोडते. महारेराच्या नमुना करारातसुद्धा सगळे स्लॅब पूर्ण होईपर्यंत किमतीच्या ७० टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते. स्लॅब भरला की पैसे येतात. स्लॅब ओला ठेवला म्हणून कुणी दमडी देत नाही. कंत्राटांतही पाणी मारण्याचा खर्च बहुधा काँक्रीटच्या दरातच धरलेला असतो, त्यामुळे न मारलेलं पाणी ही थेट बचत. रेरा कायद्याने बांधकामातले दोष ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत विकासकाने फुकट दुरुस्त करून द्यायचे असतात. ही मोठी सोय आहे, नाकारायचं कारण नाही. पण कार्बन डायऑक्साइडला सळईपर्यंत पोचायला पाच वर्षांहून जास्त लागतात, आणि गंजाला स्लॅबचा पोपडा पाडायला आणखी काही. तोवर विकासक दुसऱ्या प्रकल्पावर, मुकादम दुसऱ्या गावी, आणि पाटीभर पोपडे हातात घेऊन सोसायटीच्या सभेत भांडत असतात ते तिथे राहणारे. ज्यांनी फ्लॅट दुसऱ्या हाताने घेतला त्यांना तर ती इमारत कोणत्या महिन्यात ओतली हेही माहीत नसतं. तीस वर्षं उलटली की मुंबईत स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं होतं, आणि तेव्हा माणशी येणारी वर्गणी ऐकून माणसं हादरतात.

एक अडचण मात्र खरी आहे. मराठवाड्यात टँकरच्या दिवसांत पिण्याला पाणी नसताना स्लॅबवर पाणी साठवा असं सांगायला तोंड हवं. मार्ग आहे, आणि तो खर्चिकही नाही. काँक्रीटला पाणी ओतलेलं लागत नाही, आतलं पाणी टिकलेलं लागतं. भिजवलेल्या गोणपाटावर जाड प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळला तर तेच पाणी कितीतरी वेळ टिकतं. उन्हात पाइपने दिवसातून दोनदा फवारा मारणं हा प्रकार सगळ्यांत वाईट : पाणीही जातं आणि काँक्रीट एकदा ओलं, एकदा कोरडं होत राहतं. बोअरचं खारं पाणी तर नकोच, ते सळईच्या मुळावर येतं.

ज्यांना घाईच नव्हती अशांनी काय केलं याचंही एक उदाहरण आहे. हवाईच्या कावाई बेटावर इरैवन हे शिवमंदिर उभं आहे. त्याचे दगड १९९० च्या दशकापासून कर्नाटकात छिन्नी-हातोड्याने घडवून जहाजाने नेले. कुंभाभिषेक झाला २०२३ मध्ये. हजार वर्षं टिकेल असा पाया हवा, अशी मंदिर बांधणाऱ्यांची मागणी होती. ते काम केलं भारतात जन्मलेल्या आणि कॅलिफोर्निया विद्यापीठात काँक्रीट शिकवणाऱ्या पी. कुमार मेहता यांनी. त्यांनी निम्म्याहून जास्त सिमेंटऐवजी फ्लाय ॲश घातली, ताकदीसाठी मुदत अठ्ठावीस नव्हे तर नव्वद दिवसांची धरली, आणि सळई अजिबात वापरली नाही. गंजायला काही ठेवलंच नाही. फ्लॅटच्या इमारतीला हे परवडणार नाही हे उघड आहे, सळईशिवाय स्लॅब उभाच राहणार नाही. पण फ्लाय ॲशचं सिमेंट आणि थोडी लांब मुदत एवढं तर कुणालाही घेता येतं.

स्वतःचं घर बांधणाऱ्याने पाणी मारायची मजुरी करारात वेगळी लिहावी आणि ती चौदाव्या दिवशी द्यावी. बांधकाम चालू असलेला फ्लॅट पाहायला जाणाऱ्याने सॅम्पल फ्लॅटमधला सोफा पाहून झाला की सेफ्टी हेल्मेट मागून चालू मजल्यावर जावं. शहाण्या साइटवर प्रत्येक कॉलमवर माल ओतल्याची तारीख खडूने किंवा रंगाने लिहिलेली असते. ती वाचावी, टेकू अजून आहेत का ते मोजावं, आणि दुपारी तीनला गोणपाटाला हात लावून पाहावा.